'पिंक मून' : आत्मीय ध्वनी आणि चरित्राची सावली

या पाठासाठी निवडलेला अल्बम अगदी लहान आहे. निक ड्रेक या ब्रिटिश गायक-गीतकाराचा 'पिंक मून' हा अल्बम फेब्रुवारी १९७२ मध्ये आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीने लंडनमध्ये प्रकाशित केला. त्यात ११ रचना आहेत आणि एकूण कालावधी सुमारे २८ मिनिटांचा आहे. एक आवाज, एक अकूस्टिक गिटार आणि पहिल्याच गाण्यात थोडा वेळ वाजणारा पियानो, याखेरीज त्यात काहीही नाही. एका तासिकेत तो सलग ऐकवून चर्चेलाही वेळ उरतो आणि मी वर्गात तसेच करते. शक्य असल्यास पुढील मजकूर वाचण्याआधी तुम्हीही तो एकदा ऐका. गायकाबद्दल काहीही न वाचता ऐका.

हा आग्रह धरण्यामागे कारण आहे. अल्बम संपला की मी विद्यार्थ्यांना विचारते, काय ऐकलेत? कोणी म्हणते, रात्र ऐकली. कोणाला वाटते, शेजारच्या खोलीत एकजण स्वतःशीच गातो आहे. एका विद्यार्थिनीने एकदा उत्तर दिले होते, "शांत आहे, पण झोप येईल असे शांत नाही." त्यानंतर मी फळ्यावर दोन सने लिहिते : १९४८ आणि १९७४. हा गायक वयाच्या २६ व्या वर्षी गेला, हा त्याच्या हयातीत प्रकाशित झालेला शेवटचा अल्बम, तो नैराश्याने आजारी होता, औषधाच्या अतिसेवनाने त्याचा मृत्यू झाला आणि चौकशीत ती आत्महत्या ठरवली गेली, एवढे सांगते. (हा निकाल आजही सर्वांना मान्य नाही, हेही सांगते, पण ते सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.) मग तोच अल्बम पुन्हा लावते. आता सगळ्या वर्गाला एकच गोष्ट ऐकू येते. चंद्र म्हणजे मृत्यू, रस्ता म्हणजे मृत्यूकडे जाणारा रस्ता, गिटारच्या दोन सुरांमधली शांतता म्हणजे एकाकीपणा. तासापूर्वी दिलेली उत्तरे पुसली गेलेली असतात.

उत्तरे अशी पुसली गेली, तेव्हा आपले ज्ञान वाढले की ऐकण्याची शक्ती कमी झाली, हा या पाठाचा प्रश्न आहे. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे, आणि ते का आहे हे अल्बमच्या ध्वनीतून आणि शब्दांतून दाखवण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

कलावंताची पार्श्वभूमी

चरित्राविरुद्ध बोलायचे तर आधी चरित्र नीट माहीत हवे. निक ड्रेकचा जन्म १९ जून १९४८ रोजी रंगून येथे झाला. वडील रॉडनी ड्रेक हे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीत अभियंता होते. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ही सागवानाचा व्यापार करणारी कंपनी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. ब्रह्मदेशाच्या दरबाराशी झालेला तिचा वाद हेच १८८५ च्या युद्धाचे निमित्त ठरले होते, आणि त्या युद्धात हरलेला राजा थिबा पुढे रत्नागिरीला नजरकैदेत राहिला. आई मॉली हिने दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरल्यावर दिल्लीचा आश्रय घेतला. तेथे ती आपल्या बहिणीसोबत आकाशवाणीवर गात असे. निकची थोरली बहीण गॅब्रिएल, जी पुढे अभिनेत्री म्हणून नावारूपाला आली, तिचा जन्म लाहोरचा. निक लहान असतानाच कुटुंब इंग्लंडला परतले आणि वॉरिकशायरमधील टॅनवर्थ-इन-आर्डेन या गावी स्थायिक झाले.

या तपशिलांपैकी आपल्याला सर्वांत उपयोगी तपशील आईचा आहे. मॉली ड्रेक घरी पियानोवर बसून स्वतः रचलेली गाणी गात असे. ती कोणत्याही कार्यक्रमासाठी किंवा कंपनीसाठी रचलेली नव्हती. तिच्या पतीने ती घरच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित करून ठेवली आणि ती सर्वांना ऐकायला मिळाली ती तिच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९९३ नंतर, कितीतरी वर्षांनी. आज ती ऐकताना मुलाच्या गाण्यांशी असलेले नाते लपत नाही. तेच आवरून धरलेले दुःख, तीच नेटकी इंग्रजी वाक्यरचना, आणि ओळ संपताना हलकेच खाली उतरणारी चाल. 'पिंक मून'मधली खोली एकाकी माणसाची खोली आहे असे आपण गृहीत धरतो. पण ज्या घरात दिवाणखान्यातले गाणे ही रोजची गोष्ट होती, त्या घरात वाढलेल्या मुलाला खोलीत बसून हळू आवाजात गाणे म्हणजे जगापासून पळणे वाटले असेल का? त्याच्यासाठी गाण्याचे ते पहिले आणि सर्वांत परिचित रूप होते.

पुढचा प्रवास थोडक्यात पाहू. मार्लबरो येथील निवासी शाळा, नंतर केंब्रिजच्या फिट्झविल्यम महाविद्यालयात इंग्रजी साहित्याचे शिक्षण, आणि ते अर्धवट सोडून संगीत. निर्माता जो बॉइड याने त्याला आयलंड रेकॉर्ड्सशी जोडून दिले. 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' (१९६९) आणि 'ब्रायटर लेटर' (१९७१) हे पहिले दोन अल्बम भरगच्च वाद्यमेळाचे आहेत. केंब्रिजचा मित्र रॉबर्ट कर्बी याने रचलेली तंतुवाद्यांची साथ, डॅनी थॉम्पसनचा डबल बास, दुसऱ्या अल्बममध्ये तर जॉन केलसारखा न्यूयॉर्कच्या प्रायोगिक संगीतातून आलेला वादक. दोन्ही अल्बम फारसे खपले नाहीत. ड्रेकला रंगमंचही मानवला नाही. गाण्यागणिक तो गिटारच्या तारा नव्याने लावत बसे आणि तोवर श्रोते आपापसांत बोलू लागत. त्याने कार्यक्रम करणे जवळजवळ सोडूनच दिले.

येथे 'फोक' या शब्दाबद्दल एक खुलासा करते, कारण लोकसंगीत असा त्याचा शब्दशः अर्थ घेतल्यास गोंधळ होतो. सेसिल शार्पसारख्या संग्राहकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खेड्यापाड्यांतून गोळा केलेली पारंपरिक गाणी हा इंग्लंडमधील फोक चळवळीचा मूळ गाभा. १९६० च्या दशकात त्याच चळवळीच्या क्लबांमधून डेव्ही ग्रॅहम आणि बर्ट जॅन्श यांच्यासारखे गिटारवादक पुढे आले. त्यांनी पारंपरिक चालींना जॅझ, ब्लूज आणि पूर्वेकडील संगीताची जोड दिली आणि स्वतःच्या रचनाही केल्या. ड्रेक हा या दुसऱ्या प्रवाहातला. एकही पारंपरिक गाणे 'पिंक मून'मध्ये नाही. रेकॉर्डच्या दुकानात त्याला 'फोक'च्या कप्प्यात ठेवले गेले ते मुख्यतः त्याच्या हातातल्या वाद्यामुळे.

आत्मीयता कशी घडते

ऑक्टोबर १९७१ मधील दोन रात्री. लंडनच्या चेल्सी भागात, जुन्या डेअरीच्या इमारतीत असलेला साउंड टेक्निक्स हा स्टुडिओ. आत फक्त दोन माणसे : ड्रेक आणि ध्वनिअभियंता जॉन वुड. बॉइड तोपर्यंत नोकरीसाठी अमेरिकेला गेला होता. वुडच्या सांगण्यानुसार, नंतर वाद्यमेळ भरायचा आहे का असे त्याने विचारले, तेव्हा ड्रेकने काहीही नको असे सांगितले. हा निर्णय आपण नीट समजून घेतला पाहिजे. ज्या माणसाने आधीचे दोन अल्बम वाद्यमेळासह केले होते, ज्याला तो मेळ कसा वाजतो हे ठाऊक होते, त्याने तो नाकारला. दारिद्र्य आणि अपरिग्रह यांत जो फरक आहे तोच येथे आहे.

'आत्मीय' हे विशेषण या अल्बमबद्दल लिहिणारे प्रत्येकजण वापरतात. पण आत्मीयता ही भावना असली तरी ध्वनिमुद्रणात ती बांधावी लागते. ड्रेकचा आवाज लहान आहे. विजेचा मायक्रोफोन नसता तर तो सभागृहाच्या तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचला नसता. मायक्रोफोन तोंडाशी आणला की कुजबुजही स्पष्ट होते. श्वास घेतलेला कळतो, ओठ मिटलेले कळतात. गिटारच्या जाड तारांवरून बोटे सरकताना होणारी किरकिर एरवी दोष मानली जाते, येथे ती राहू दिली आहे. परिणामी ऐकणाऱ्याला वाटते की गाणारा हाताच्या अंतरावर बसला आहे. प्रत्यक्ष आयुष्यात असा जवळ बसून गाणारा माणूस फार थोड्यांच्या वाट्याला येतो. म्हणजेच हे सामीप्य यंत्राने शक्य केले आहे आणि वुडसारख्या कसबी माणसाने ते जपले आहे. त्यामुळे ते खोटे ठरत नाही. मात्र 'हृदयातून थेट आलेले' असे त्याचे वर्णन करण्याआधी मध्ये असलेला मायक्रोफोन विसरू नये.

दुसरी गोष्ट तारा लावण्याची. गिटारच्या सहा तारा नेहमी ज्या सुरांत लावतात ते सूर ड्रेकने अनेक गाण्यांसाठी बदलले. शीर्षकगीताचे उदाहरण घेऊ. खर्जाच्या तारेपासून वर जाताना तारा अशा लागतात की पहिल्या तारेला षड्ज मानले तर क्रम होतो सा, प, सा, म, सा, ग. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून सारे सूर थोडे वर उचललेले आहेत. सहापैकी तीन तारा षड्जाच्या! तानपुऱ्यासमोर बसून गायलेल्या कोणालाही याचा अर्थ सांगावा लागणार नाही. बोटांनी चाल वाजत असते आणि मोकळ्या तारा मागे आपोआप घुमत राहतात. एका गिटारचा आवाज दोन गिटारींइतका भरीव होतो आणि साथीची गरज संपते. ड्रेकचा उजव्या हाताचा अंगठा खालच्या तारांवर न चुकता ठेका धरतो, उरलेली बोटे वरच्या तारांवर वेगळी लय विणतात. 'रोड' हे गाणे केवळ या कामासाठी ऐका. शब्द मोजके आहेत, गिटार मात्र अखंड धावते आणि एकाही ठिकाणी अडखळत नाही.

या गिटारवर आवाज कसा ठेवला आहे हे सर्वांत सूक्ष्म. ओळ बहुतेक वेळा मात्रेच्या ठोक्यावर सुरू होत नाही. ती ठोका पडून गेल्यावर, आवर्तनाच्या मधूनच निघते आणि पुढच्या आवर्तनात कुठेतरी विसावते. गिटार काटेकोर आणि आवाज सैल. गाणाऱ्याला घाई नाही, तो जणू विचार करता करता बोलतो आहे, असा भास त्यातून होतो. हाच भास 'खिन्नता' म्हणून वाचला जातो. पण एकाच वेळी दोन हातांनी दोन लयी वाजवायच्या आणि तिसरी आवाजाने त्यांवर तरंगत ठेवायची, हे मनाने विस्कटलेल्या माणसाचे काम नव्हे. निदान त्या दोन रात्री तरी त्याचे हात आणि गळा पूर्णपणे त्याच्या ताब्यात होते.

पियानोबद्दल दोन शब्द. शीर्षकगीताच्या मध्यावर, शब्द थांबल्यावर, मोजक्या सुरांची एक छोटी ओळ पियानोवर येते. तीही ड्रेकनेच नंतर वाजवून जोडली आहे. ती संपते आणि उरलेल्या दहा रचनांत पियानो पुन्हा ऐकू येत नाही. अल्बमच्या दुसऱ्याच मिनिटाला खिडकी उघडून लगेच मिटावी तसे होते. पुढची २६ मिनिटे श्रोता नकळत तिची वाट पाहतो. एवढ्या काटकसरीतून एवढा परिणाम साधणारी दुसरी जागा लोकप्रिय संगीतात मला चटकन आठवत नाही.

टेपची दंतकथा

अल्बम कंपनीकडे कसा पोचला याची एक गोष्ट तुम्हाला अनेक ठिकाणी वाचायला मिळेल. ड्रेकने टेप आयलंडच्या कचेरीत स्वागतकक्षातील टेबलावर ठेवली, कोणाशी एक शब्दही न बोलता तो निघून गेला आणि काही दिवस ती तेथेच पडून होती, अशी ती गोष्ट. हिच्या आवृत्त्या मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. एका आवृत्तीत तो कंपनीच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यासोबत चहा घेतो, दुसरीत टेप थेट कंपनीच्या मालकाच्या, ख्रिस ब्लॅकवेलच्या, हाती दिली जाते. नेमके काय घडले यापेक्षा कोणती आवृत्ती टिकली हे बोलके आहे. चहाची आवृत्ती मागे पडली. मुक्याने निघून जाणारा माणूस टिकला. कारण तो आपल्याला हवा होता.

समीक्षेच्या अभ्यासात तुम्ही विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांचा १९४६ चा लेखकाच्या हेतूविषयीचा निबंध वाचला असेल किंवा पुढे वाचाल. कलाकृतीचा अर्थ लेखकाच्या मनात काय होते यावरून ठरवू नये, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ड्रेकच्या बाबतीत अडचण याहून पुढची आहे. येथे १९७१ मधील लेखकाचे मनही कोणी विचारात घेत नाही. तीन वर्षांनी घडलेली घटना मागे नेऊन गाण्यांत बसवली जाते. काही गाणी तर त्या हेमंतातली नव्हेतच. 'पॅरासाइट'वर तो १९६९ पासून काम करत होता. 'थिंग्ज बिहाइंड द सन' हेही आधीपासून हाताशी होते आणि ते 'ब्रायटर लेटर'मध्ये घ्यावे असे बॉइडला वाटत होते. निरोपाची चिठ्ठी म्हणून ज्याचे वाचन होते, त्यातला काही मजकूर असा दोन-तीन वर्षे आधी लिहिलेला आहे.

शब्द काय सांगतात

शब्द येथे उद्धृत न करता त्यांच्या रचनेकडे पाहू. वर्गात मी एक साधा प्रयोग करून घेते. प्रत्येक गाण्यात सर्वनाम कोणते प्रमुख आहे ते वहीत नोंदवायचे. ज्याला आपण आत्मकथन समजतो त्या अल्बममध्ये 'तू' आणि 'तुम्ही' किती आहेत हे पाहून विद्यार्थी चकित होतात. 'विच विल' हे गाणे पूर्णपणे दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नांचे आहे : या साऱ्यांतून तू कोणाला निवडशील? 'थिंग्ज बिहाइंड द सन' हे अल्बममधील सर्वांत मोठे, जवळजवळ चार मिनिटांचे गाणे. त्यात एक वडीलधारा सूर दुसऱ्याला जपून राहायला सांगतो. 'फ्री राइड'चा रोख एका सुखवस्तू घरातल्या व्यक्तीकडे आहे. 'रोड'मध्ये 'तू' आणि 'मी' समोरासमोर आहेत. तुझा रस्ता ताऱ्यांपर्यंत जाईल, मला मात्र निभावून नेणारा रस्ता पुरे, असा त्याचा आशय. मरणाची ओढ येथे शोधणाऱ्यांनी हा दुसरा अर्धा भाग पुन्हा ऐकावा. त्यात मागणी आहे ती तग धरण्याची.

शीर्षकगीतातला 'मी' कबुली देत नाही, तो बातमी आणतो. कुठेतरी लिहिलेले त्याने वाचले आहे : गुलाबी चंद्र निघाला आहे आणि त्याच्यापुढे कितीही उंच माणूस टिकणार नाही. उत्तर अमेरिकेत एप्रिलच्या पौर्णिमेला या नावाने ओळखतात, पण गाण्याला त्या माहितीची गरज पडत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो सूर. एकच विशेषण पुन्हा पुन्हा उच्चारून त्याचा अर्थ झिजवला जातो आणि नुसता नाद उरतो. लहान मुले खेळताना जशी गाणी म्हणतात तसा. इंग्रजी बालगीतांत मोडलेली डोकी आणि पडलेले पूल नेहमीच हसऱ्या चालीवर येतात. धमकी बालगीताच्या आवाजात दिली की ती खरी मानायची की गंमत, हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही. हे गाणे जाणून बुजून त्या अनिश्चिततेत थांबते. चंद्र म्हणजे मृत्यू असे उत्तर लिहून आपण तेच मोडून टाकतो.

'जाणणे' या अर्थाच्या क्रियापदाचे नाव असलेले 'नो' हे गाणे तर सांगाडाच आहे. गिटारवर खालच्या सुरांतली एक छोटी आकृती, ती शेवटपर्यंत बदलत नाही. तिच्यावर बराच वेळ नुसता गुणगुणलेला आवाज आणि मग चार तोकड्या ओळी. चारही ओळींचा आरंभ त्याच क्रियापदाने होतो, आणि एका ओळीने दिलेले पुढची ओळ काढून घेते. प्रेम आणि बेपर्वाई, उपस्थिती आणि अनुपस्थिती यांची ही देवघेव संपत नाही. याहून एक शब्द कमी केला तर गाणे राहणार नाही आणि एक वाढवला तर ते स्पष्टीकरण होईल.

याचा अर्थ अल्बममध्ये दुःख नाही असा मी करत नाही. 'प्लेस टू बी'मध्ये वाढत्या वयाबरोबर रंग उतरत जाणारा माणूस आहे आणि त्याची मागणी फक्त असण्यापुरत्या जागेची आहे. 'पॅरासाइट'मधील आत्मतिरस्कार ऐकवत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनकडे उतरणारा हा माणूस इतरांच्या चकचकीत बुटांकडे पाहतो आणि स्वतःला या शहरावरचे बांडगूळ म्हणवून घेतो. ड्रेक १९७१ मध्ये आजारी होता आणि ते या गाण्यात उतरले नसेल असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. मात्र तोच माणूस त्या तिरस्काराला गाण्याचा घाट देतो, यमके जुळवतो, दृश्य निवडतो. गाण्यात बोलणारा आणि गाणे रचणारा हे दोघे एकच असले तरी त्यांची कामे वेगळी आहेत.

सगळ्याच रचना या दर्जाच्या आहेत असेही नाही. 'हॉर्न' ही शब्दाविना वाजवलेली रचना दीड मिनिटाचीही नाही. ती मला अल्बममधली विश्रांती म्हणून आवडते, पण तिला गूढ अर्थ चिकटवणारे लेख वाचून कंटाळा येतो. 'हार्व्हेस्ट ब्रीड' सुरू होता होताच संपते आणि त्यातल्या प्रतिमा धूसर राहतात. 'फ्री राइड'ची गिटार शब्दांपेक्षा कितीतरी सरस आहे.

आजार आणि कारागिरी

नैराश्यातून मोठी कला जन्मते ही समजूत महाविद्यालयीन वयात फार मोहक वाटते, म्हणून पुढील माहिती मी मुद्दाम सांगते. १९७४ मध्ये ड्रेक पुन्हा स्टुडिओत गेला. निर्माता म्हणून बॉइडही परत आला होता. मोजकी गाणी मुद्रित झाली. बॉइडने नोंदवले आहे की आता ड्रेकला एकाच वेळी वाजवणे आणि गाणे जमत नव्हते. गिटार आधी मुद्रित करून आवाज नंतर त्यावर घ्यावा लागला. अंगठा, बोटे आणि गळा यांच्या तीन लयींबद्दल आपण वर वाचले. 'पिंक मून' ज्यावर उभा आहे ते कौशल्य आजाराने त्याच्याकडून काढून घेतले होते. आजाराने 'पिंक मून' लिहिला नाही. आजाराने त्यानंतरचे अल्बम होऊ दिले नाहीत. २५ नोव्हेंबर १९७४ रोजी, आईवडिलांच्या घरी, त्याचा मृत्यू झाला.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी एक गमतीदार गोष्ट घडली. अमेरिकेत १९९९ च्या अखेरीस फोक्सवॅगन कंपनीने आपल्या उघड्या टपाच्या मोटारीची जाहिरात केली आणि तिला शीर्षकगीताची साथ दिली. चार तरुण चांदण्या रात्री मोटारीतून एका मेजवानीला पोचतात, दारातला गोंगाट पाहतात, एकमेकांकडे बघतात आणि आत न जाता पुन्हा रस्त्याला लागतात. संवाद नाही. ही जाहिरात पाहून अल्बमला इतके नवे श्रोते मिळाले की ड्रेकच्या हयातीतला खप त्यापुढे नगण्य ठरला. अभ्यासक नाराज झाले, मोटार विकण्यासाठी हे गाणे वापरावे याची त्यांना चीड आली. मला त्या नव्या श्रोत्यांचे कुतूहल वाटते. त्यांना फळ्यावरची दोन सने ठाऊक नव्हती. त्यांनी रात्र ऐकली, वारा ऐकला, गर्दीत न जाण्यातला आनंद ऐकला. गाण्यातली धमकी त्यांच्या हातून निसटली हे खरे, पण चरित्रकारांच्या हातून निसटलेले बरेच काही त्यांना सापडले. माझ्या वर्गातली पहिली उत्तरे याच जातीची असतात.

आता शेवटचे गाणे. 'फ्रॉम द मॉर्निंग'मध्ये रात्र येते, पण ती सुंदर आहे. तारा उजळ वाजतात, चाल वर चढते आणि सर्वनाम बदलून 'आपण' होते. याच गाण्यातली एक ओळ टॅनवर्थ-इन-आर्डेनच्या चर्चच्या आवारात ड्रेकच्या थडग्यावरील दगडावर कोरलेली आहे. दगडावर वाचली की ती मृत्यूनंतरच्या अस्तित्वाविषयी आहे असेच वाटते, आणि ज्या आईवडिलांनी मुलगा गमावला त्यांनी ती तशी वाचली असेल तर तो त्यांचा अधिकार आहे. गाण्यात मात्र ती ओळ शेवटची नाही. तिच्या पुढे ऐकणाऱ्याला सांगितले जाते की जा, सकाळकडून शिकलेला खेळ खेळ. मग आवाज थांबतो आणि काही क्षण गिटार एकटीच वाजत राहते. वर्गात तासिकेची घंटा बहुतेक याच सुमारास होते.